पिंजऱ्याचा हार

हवा भरताना टायरवर पाय ठेवून वाकलेला माणूस दिसला की माझं टाळकं सरकतं. मग तो ओळखीचा असो वा नसो, मी ओरडतो. परवा बोरीवलीला स्टेशनबाहेर एका पंक्चरवाल्यावर असाच ओरडलो. जीपचं चाक जमिनीवर आडवं टाकलेलं, नळी लावलेली, आणि हा पठ्ठ्या त्याच्यावर ओणवा होऊन बिडी पेटवत होता. "लांब हो!" म्हणून मी असा काही खेकसलो की बाजूच्या भाजीवालीने आपली टोपली उचलली. तो मात्र जागचा हलला नाही. "काका, हवाच तर आहे," म्हणाला.

हवाच तर आहे! हे वाक्य माझ्यासमोर ज्यांनी ज्यांनी उच्चारलं, त्या प्रत्येकाला हिराजीच्या पुढ्यात नेऊन उभं करावं असं मला वाटतं. हवा म्हणजे काय ते हिराजीने त्यांना सांगितलं असतं. सांगून ऐकलं नसतं, तर बखोटीला धरून रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडलं असतं. हे मी उगाच म्हणत नाही. एका हवालदाराला त्याने असं नेऊन सोडलेलं मी पाहिलंय.

एकोणीसशे साठ-सत्तरच्या त्या काळात साकीनाक्याला माझी पत्र्याची शेड होती. गाड्यांचे नंबर आणि दुकानांच्या पाट्या रंगवणं हा माझा धंदा, म्हणून मला सगळे 'पेंटर' म्हणत. शेजारी टायरचं वर्कशॉप, मधे फक्त एक पत्रा. त्या पत्र्याला मुठीएवढं भोक होतं, त्यातून मला तिथलं सगळं दिसे आणि नको तेवढं ऐकू येई. वर्कशॉपचा मालक चांगला आपल्यातलाच, मराठी माणूस, पण त्याला 'शेठ' म्हटलेलं आवडायचं. आम्हीही म्हणायचो. हाक मारायला आपल्या बापाचं काय जातं?

हिराजी तिथला मुख्य फिटर. मनोरीचा कोळी. रोज सकाळी तरीच्या होडीतून खाडी ओलांडून मार्वेला उतरायचा, तिथून बस, मग आणखी एक बस, असं करत करत सगळ्यांच्या आधी हजर. थोरल्या भावांनी होडी सांभाळली आणि याला मोटारींचं वेड लागलं, एवढंच काय ते त्याचं चरित्र मला ठाऊक. माणूस आडवा, मानेचा पत्ता नाही, पायात चप्पल कधी दिसली नाही. आणि आवाज! एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक मारायची सवय असलेल्या घराण्यातला तो आवाज. हवेचा कॉक उघडायच्या आधी तो "लांब व्हाऽऽ" म्हणून हाळी द्यायचा. पलीकडच्या हॉटेलात चहा पिणारी माणसंसुद्धा पाय जवळ ओढून घ्यायची.

गिऱ्हाइकांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत. तो माणसांना त्यांच्या गाडीच्या नावाने हाक मारायचा. "ओ फियाट, तिकरं व्हा." "टेम्पो, चाकाला पाय लावू नको, चाक काय तुझा पाट हाय काय बसायला?" एकदा एका भारदस्त बाईंना तो "आवं आंबाशिटर, तुमची साडी सांभाला" म्हणाला, आणि त्या बाई हसून हसून बेजार झाल्या. शेठ मात्र आतल्या आत जळत होता.

सगळे हवा म्हणत, हिराजी म्हणायचा वारा. मी एकदा सहज विचारलं, तर हातातलं काम टाकून माझ्याकडे वळला.

"हवा आपुन नाकातून घेतंव ती, पेंटर. नलीतून येतो तो वारा. दर्यावर वारा दिसतो. शीड फुगतंय, पानी उठतंय, मानूस सावध होतंय. हितं काय दिसतंय? कायच नाय. कोंडलेला वारा गप बसतो. म्हनून तर भ्यायचा."

भ्यायचा म्हणजे तो भीत नव्हता. त्याच्या हातात एक रीत होती आणि ती तो कुणासाठी मोडत नसे. चाक आलं की आधी ते कोरडं पुसायचा. मग डोळे मिटून उघडी बोटं चाकाच्या खाचेतून पूर्ण गोल फिरवायचा. गंजाची खपली, खडा, एखादी चीर, सगळं बोटांनी शोधायचा. यासाठी हातांना रोज खोबरेल लावायचा, बोटं खरबरीत झाली तर गंज कळत नाही म्हणून. फिटरने हाताला तेल लावायचं यावरून त्याची काय टवाळी व्हायची! मग टायरचा तारेचा काठ तपासायचा, साबणाचं पाणी लावायचा आणि टायर हलक्या हाताने चढवायचा. थोडा वारा भरायचा, सगळा सोडून द्यायचा, ट्यूब आत सरळ झाली की पुन्हा भरायचा. "आदी बसू दे, मंग फुगू दे," हे त्याचं ब्रह्मवाक्य. टायरचा काठ चाकावर नीट बसला नाही तर त्याला आणखी वारा मारून बसवायचं नाही, काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. चारदा काढावं लागलं तर चारदा.

ट्रक आणि टेम्पोच्या चाकांशी तर तो देवघरात वागावं तसा वागे. त्या काळी त्या चाकांना एका बाजूने सुटं लोखंडी कडं असायचं. टायर चढवून ते कडं खाचेत ठोकून बसवायचं, मग हवा भरायची. आत दाब वाढत जातो आणि तो सगळा त्या कड्यावर येतो. खाच गंजलेली असली, कडं एका जागी जरी नीट बसलेलं नसलं, तर ते सुटतं. सुटतं म्हणजे काय, ते मी नंतर पाहिलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याचा जोडीदार वसंत. कोकणातला, मालवणकडचा. गिरणीत होता, ती सुटली, मग घाटकोपरच्या असल्फ्याला खोली घेऊन इथे टायर चढवायला आला. हडकुळा, हसरा, तोंडाने फटकळ. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायचे आणि जेवताना भांडायचे. बोंबील कोकणातला चांगला की मनोरीचा, यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही. वसंताला हिराजीची रीत म्हणजे वेळेचा खोळंबा वाटायची, पण तो ती पाळायचा. "ह्या म्हाताऱ्याशी भांडान कोण दमतलो?" असं मला पत्र्याच्या भोकातून सांगायचा. म्हातारा कसला, हिराजी तेव्हा चाळिशीतला असेल.

एकदा घाटकोपरहून एक गिऱ्हाईक जीप घेऊन आलं. बरोबर कुठल्याशा भंगारबाजारातून आणलेले दोन टायर. वसंताने एक चढवायला घेतला. कसाबसा चढला, पण काठ बसेना. हिराजीने तो काढायला लावला, टायर आणि चाक शेजारी ठेवून बोटांनी मापलं आणि म्हणाला, "लहान हाय."

"किती लहान?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"नखाएवडा."

"मग नखाएवढ्याने काय होतं? थोडी जास्त हवा मारा, बसेल आपोआप."

"नखाएवडा खडा डोल्यात घालून बग, ओ जीप," हिराजी म्हणाला आणि दोन्ही टायर ढकलत थेट रस्त्यावर नेऊन सोडले.

शेठ धावत आला. गिऱ्हाईक शेठच्या ओळखीतलं, शेठने हात जोडले, हिराजीला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलला. हिराजीने ऐकून घेतलं आणि कंप्रेसरचं बटण बंद करून त्याच्यावर बसला. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत उठला नाही. त्या जीपवाल्याने दुसरीकडून तो टायर बसवून घेतला असं नंतर कळलं. त्याला काही झालं नाही. असल्यांना काही होत नाही. होतं ते दुसऱ्याला.

मग हिराजी माझ्याकडे पाटी रंगवून घ्यायला आला. मजकूर त्याने तोंडी सांगितला: 'वारा कोंडताना लांब व्हा'. मी झकास ठसठशीत अक्षरात, पिवळ्यावर काळं, रंगवून दिली. ती पाहून शेठचा चेहरा कारल्यासारखा झाला. "वारा? हा काय कोळीवाडा आहे? आणि लांब व्हा काय, लांब व्हा! गिऱ्हाईक जवळ यायला पाहिजे की लांब जायला?" पाटी फुकट जाऊ नये म्हणून त्याने मागच्या बाजूला माझ्याकडूनच 'सुस्वागतम्' लिहून घेतलं आणि ती दारात टांगली. सुस्वागतम् रस्त्याकडे, हिराजीचा मजकूर आतल्या बाजूला. मला वाटलं हिराजी भडकेल. तो म्हणाला, "बरा झाला. मरनार ते आतलेच. आतल्यांनी वाचला तरी बस."

पाटीने भागत नाही हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं. मग त्याने पिंजरा केला. वर्कशॉपमागे एका मोडक्या लॉरीचा सांगाडा पडला होता, त्याचे जाड पाइप कापले, वाकवले, समोरच्या वेल्डरकडून जोडून घेतले. चाक उभं आत सारायचं, लांब नळी लावायची, बाजूला उभं राहून वारा भरायचा. कडं सुटलंच तर पिंजऱ्यात आपटेल, माणसावर नाही. इतकी साधी गोष्ट. चार दुपारच्या जेवणाच्या सुट्ट्या घालवून त्याने तो केला आणि पहिलं चाक आत सारताना असा खूष होता की काय सांगू!

तर सगळे हसले. शेठने त्याचं नाव ठेवलं खुराडं. गिऱ्हाइकं विचारायची, "कोंबड्या कुठायत?" वसंत म्हणायचा, "हिराजी, माका आत घाल आणि वारो भर, जरा अंग धरीन." आणि हिराजीची पाठ वळली की लोक चाक जमिनीवरच टाकून भरायचे, कारण पिंजऱ्यापर्यंत ढकलत न्यायला पंधरा पावलं पडायची. पंधरा पावलं! गणपती बघायला हीच माणसं अंधेरीपासून लालबागपर्यंत पायपीट करायची.

सांगून थकला, ओरडून थकला. शेवटी दसरा आला. दसऱ्याला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असे. कंप्रेसर, जॅक, हातोडे, पहारी, सगळं धुवून पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूचे हार घालून ठेवायचं. ज्याची पूजा झाली त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, हत्यारालाही एक दिवस विसावा, हा आपल्याकडचा रिवाज. त्या वर्षी हिराजीने मनोरीहून येताना एक लांबलचक हार आणला आणि पिंजऱ्याला घातला. नारळ फोडला. कापूर लावला. सगळ्यांना हात जोडायला लावले, शेठलासुद्धा.

आणि काय चमत्कार! दुसऱ्या दिवसापासून कुणी खुराडं म्हणेना. पिंजऱ्याजवळ जाताना लोक चपला काढायला लागले. चाक आत सारण्याआधी वसंत पाइपाला हात लावून तो छातीला लावायचा. जमिनीवर टाकून हवा भरणं बंद झालं. ज्यांना जीव जाईल सांगून कळत नव्हतं, त्यांना कुंकू लावल्यावर कळलं. हिराजी मला म्हणाला, "बगितला पेंटर? देव केला तवा वलखला." तेव्हा मीही हसलो. म्हटलं, चला, कसं का होईना, काम झालं.

वर्ष नीट गेलं. पुढला दसरा आला. हिराजीने सकाळी पूजा मांडली, पिंजऱ्याला पहिल्या वर्षीपेक्षा मोठा हार घातला आणि सणाला घरी मनोरीला गेला. बाकीचेही पांगले. दसऱ्याला मला मात्र उसंत नसे, नव्या गाड्या त्याच दिवशी बाहेर निघतात आणि सगळ्यांना नंबर त्याच दिवशी हवा असतो. मी शेडमध्ये एका ट्रकचा नंबर काढत होतो. दुपार टळली असेल. त्याच ट्रकचा मालक शेठला घेऊन शेजारी आला. मागच्या एका चाकाचा टायर हवा जाऊन बसला होता, आणि मुहूर्त तर साधायचा होता. शेठने असल्फ्याहून वसंताला बोलावून घेतलं. वसंत घरचे नवे कपडे घालूनच आला, खिशात आपट्याची पानं.

पत्र्याच्या भोकातून मी त्यांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं.

वसंत म्हणाला, "शेठ, आज हत्यारांक हात लावूक नको. उद्या सकाळी पयलो ह्याच करतंय."

"अरे, पाहुणा दारात आहे, मुहूर्त जाईल त्याचा. देव काय आपल्या पोटावर पाय देतो?" शेठने चपला काढल्या, कंप्रेसरला नमस्कार केला, "चुकलंमाकलं माफ कर रे बाबा" म्हणाला आणि कंप्रेसरचा हार स्वतःच्या हाताने काढून खुंटीला लावला. "घे, हो सुरू."

"आणि पिंजरो?"

"त्याला नको हात लावू. हिराजीने मांडलंय ते. पूजा मोडली म्हणून उद्या माझ्या डोक्यावर बसेल. आणि मोडू नये रे, पूजा आहे ती. एकदा खाली टाकून भर. एका चाकाने काय होतंय?"

मग चाक आडवं टाकल्याचा आवाज आला. कडं ठोकल्याचा आवाज आला. कंप्रेसर सुरू झाला. "लांब व्हा" मात्र कुणी म्हणालं नाही.

मग जो आवाज झाला त्याने माझा हात ट्रकच्या फळीवरून ओढला गेला आणि आकड्याला शेपूट फुटली. धावत गेलो. वरच्या पत्र्यात भोक पडलं होतं, त्यातून आभाळ दिसत होतं. कडं तिथून बाहेर गेलं होतं. जाता जाता वसंताच्या तोंडावरून गेलं होतं. याहून जास्त मी लिहिणार नाही. दारातली पाटी वाऱ्याने गोल फिरत होती, एकदा सुस्वागतम्, एकदा लांब व्हा. आणि पंधरा पावलांवर पिंजरा उभा होता, ताज्या झेंडूत, रिकामा.

पोलीस आले. अपघात म्हणून लिहून घेऊन गेले. शेठ कपाळावर हात मारून येईल त्याला सांगत होता, "नशीब! दसऱ्याच्या दिवशी गेला, पुण्यवान होता बिचारा." हो का? पुण्य एवढं स्वस्त असेल तर शेठने स्वतः का नाही वाकायचं त्या चाकावर? वसंताची बायको, सुलोचना, असल्फ्याहून चालत आली तेव्हा तिलाही तो हेच सांगायला गेला.

मनोरीला निरोप द्यायची काही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हिराजी नेहमीसारखा आला. हातात आपट्याची डहाळी, सगळ्यांना सोनं वाटायला. मीच त्याला दारात गाठून सांगितलं. ऐकून तो आत गेला, जमीन धुतली होती ती जागा पाहिली, वर पत्र्यातलं भोक पाहिलं. मग पिंजऱ्यापाशी गेला. हार तसाच होता, फुलं जेमतेम सुकली होती. मग त्याची नजर खुंटीवर गेली.

"कंप्रेसरचा हार कोनी काडला?"

शेठ म्हणाला, "मी काढला. माफी मागून काढला."

"मंग माझ्या पिंजऱ्याचा का नाय काडला?"

"अरे, तूच देव केलास ना त्याला? तूच पूजा मांडलीस. हात लावला असता तर तूच बोंब मारली असतीस."

हिराजीने पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू. त्याचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "कंप्रेसरचा काडला. मंग पिंजऱ्याचा का नाय काडला?"

याला उत्तर होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कंप्रेसरवाचून शेठचं काम अडत होतं. पिंजऱ्यावाचून फक्त वसंताचं अडत होतं. ज्या देवाची गरज शेठला, त्याची माफी मागून पूजा मोडता येते. ज्याची गरज वसंताला, त्याची पूजा मोडायची म्हणजे पाप! हा कुठला धर्म, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पुढे तर कमालच झाली. शेठ आडून आडून बोलायला लागला की हिराजीने नसतं थोतांड उभं केलं नसतं तर हे घडलंच नसतं. चार लोक माना डोलवू लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही! मी दोघातिघांशी या कारणाने कडाकडा भांडलो, एकाच्या पाटीचं काम परत केलं. पण हिराजीने एका शब्दाने प्रतिवाद केला नाही. एकदा जेवताना, डबा उघडून समोर ठेवलेला आणि हात लावलेला नाही, असा बसला असताना म्हणाला, "शेठ खोटा बोलत नाय रं, पेंटर. देव केला तीच चूक झाली. देवाच्या मानसं पाया परतात. ऐकत कोन नाय."

मी म्हटलं, "तू वेडा आहेस. हार शेठने सोडला तिथे."

"सोडला. पन घातला कोनी?"

मला राग आला, त्याचासुद्धा आला. ज्याने आयुष्यभर एक चाक वेडंवाकडं भरलं नाही त्याने उपाशी बसायचं आणि शेठने दोन वेळचं जेवून ढेकर द्यायची, हा न्याय मला तेव्हाही समजला नाही.

महिन्याभरात शेठने वसंताचा फोटो मोठा करून आणला आणि कंप्रेसरच्या वर टांगला, चंदनाचा हार घालून. मग कुणीतरी सरकारी साहेब वर्कशॉप तपासायला येणार म्हणून कळलं, तर पिंजऱ्याला चंदेरी रंग मारून घेतला. मला सांगत होता, मी तोंडावर नाही म्हटलं, त्याने दुसऱ्याकडून मारून घेतला. वर कायमचा प्लास्टिकचा हार चढवला. साहेब आला तेव्हा शेठ काय ऐटीत म्हणाला! "आम्ही कामगारांच्या सुरक्षेला देव मानतो, साहेब." साहेबाने पिंजऱ्याला नमस्कार केला, चहा घेतला आणि गेला. पत्र्याच्या भोकावर डोळा ठेवून मी हे पाहत होतो आणि माझे दात एकमेकांवर करकरत होते.

साहेबाची पाठ वळताच हिराजीने तो प्लास्टिकचा हार काढला आणि एक चाक आत सारलं. दुसऱ्या दिवशी हार पुन्हा पिंजऱ्यावर. हिराजीने पुन्हा काढला. शेठने घालायचा, याने काढायचा, असं वर्षभर चाललं.

पुन्हा दसरा आला. सगळ्या हत्यारांना हार पडले, वसंताच्या फोटोलाही नवा पडला. शेठ पिंजऱ्याला हार घालायला वळला तर आत चाक होतं. हिराजी नळी लावून बाजूला उभा होता.

"लांब व्हाऽऽ!"

"हिराजी! आज हत्यार चालवतोस? अपशकुन करतोस माझ्या वर्कशॉपला?"

"गेल्या वर्सी शकुन केला व्हता. बगितला ना?" हिराजी म्हणाला आणि कॉक उघडला. चाक शांतपणे भरलं, कडं खाचेत बसल्याचा 'टक्' असा आवाज झाला. त्याने कॉक बंद केला, हात पुसले, फोटोसमोर जाऊन क्षणभर उभा राहिला आणि पिंजऱ्याला दोरी बांधून ओढत बाहेर काढायला लागला. शेठ आडवा आला. पाइप त्याच्या लॉरीचे, म्हणून पिंजरा त्याचा. ते खरंच होतं म्हणा. हिराजीने दोरी सोडली. "राहू दे. तुमाला पुजायला पायजे," म्हणाला आणि अनवाणीच बसस्टॉपकडे चालायला लागला. त्याला परत बोलवायला कुणी गेलं नाही.

मधे काही वर्षं गेली. माझाही धंदा साकीनाक्याहून उठला. एका दसऱ्याला मनोरीच्या एका बंगल्याची पाटी पोहोचवायला निघालो होतो. मार्वेच्या रस्त्याला, धक्क्याच्या अलीकडे, तीच हाळी ऐकली. "लांब व्हाऽऽ!" माझे पाय आपोआप रस्त्याच्या कडेला गेले.

झावळ्यांच्या छपराखाली हिराजी उभा होता. केस पिकले होते, बाकी तोच. आजूबाजूच्या सगळ्या दुकानांना तोरणं, रिक्षांना हार, सायकलींनासुद्धा झेंडू. याच्याकडे फुलाची पाकळी नव्हती. छपराखाली एक नवा पिंजरा होता, गंजलेला, तेलाने माखलेला, आणि त्याचा एक पाइप बाहेरच्या बाजूला चांगला वितीभर वाकलेला.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"कडा सुटला. खाच चिरलेली, बोटाला लागली नाय. म्हातारी झाली बोटा."

"कोण होतं इथे?"

"मीच व्हतो. दुसरा कोन?" त्याने त्या वाकलेल्या पाइपावरून हात फिरवला, खोबरेल लावलेला तो हात. "वसंता इथंच उभा ऱ्हायला असता. हसला असता, काय झाला म्हनून."

इतक्यात आत सारलेल्या चाकाचा मालक, नवीकोरी जीप सजवून आलेला एक तरुण, उरलेला हार घेऊन पुढे आला आणि मोठ्या भक्तीने तो पिंजऱ्याला घालायला लागला. हिराजीने त्याचं मनगट धरलं, हार काढून घेतला आणि रस्त्यावरच्या शेळीपुढे टाकला.

"मामा, दसरा आहे आज," पोरगा दुखावून म्हणाला. "याची पूजा नाही करत तुम्ही?"

"करतंय ना," हिराजी म्हणाला. "रोज करतंय. ओ जीप, लांब व्हा. पेंटर, तू पन."

मी लांब झालो. त्याने कॉक उघडला.